मुलगा २१ महिन्यांचा, शब्द मोजकेच. वाट बघू की आत्ताच दाखवू?

तासगावची_आई:

नमस्कार. जरा मोठं लिहिते, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

मुलगा २१ महिन्यांचा आहे. दिवस पूर्ण भरून जन्मला, वजन चांगलं होतं, वर्षाच्या आसपास चालायला लागला. आता तर अंगणभर पळतो, जिना चढतो, कोंबड्यांच्या मागं लागतो. तब्येतीची तक्रार नाही, फक्त थंडीत सर्दी सारखी असते.

काळजी बोलण्याची आहे. 'आई' म्हणतो. 'बाबा' म्हणतो, पण ते बाबांनाही, काकांनाही आणि बागेत येणाऱ्या गड्यांनाही. कुत्रं, म्हैस, शेळी सगळ्यांना 'भू'. भूक लागली की 'मम'. गाडी दिसली की 'डुर्र'. बाकी काही हवं असलं की माझं बोट धरून ओढत नेतो आणि 'अं अं' करतो. समजतं मात्र खूप. आजोबांची चप्पल कुठली, माझी कुठली, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. 'बादली आण' म्हटलं की न्हाणीतली रिकामी बादली खरडत घेऊन येतो.

शेजारची मुलगी याच्याहून थोडी लहानच आहे. ती 'बाबा गेले', 'मला दे' असं म्हणते. ती अंगणात आली की माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडं जातं आणि रात्री झोप येत नाही.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापसुद्धा तिसरं लागल्यावर बोलला. मिस्टर म्हणतात, बोलेल की, घाई काय आहे. जाऊबाईंचं म्हणणं जीभ जड आहे, वेखंड उगाळून लाव.

मी इथंच एका पतसंस्थेत नोकरीला आहे. सकाळी साडेनऊला बाहेर पडते ते सहाला घरी. सध्या द्राक्षकाढणी चालू आहे. व्यापारी, गाड्या, मजुरांचा चहा, सासूबाईंना बसायला वेळ नाही. त्यामुळं जेवताना मोबाईल द्यावाच लागतो. गाण्यांचे व्हिडिओ लावले की गपगप खातो, नाहीतर दोन घास खाऊन उठतो. त्यातलं एबीसीडी थोडंफार गुणगुणतो, म्हणून घरच्यांना वाटतं की शिकतोय.

थांबावं की दाखवावं? दाखवायचं तर कुणाला? आणि घरी मी काय करू? माझ्या हातात संध्याकाळच असते. ऑनलाइन 'बुद्धी वाढवणारे' खेळण्यांचे संच आणि फ्लॅश कार्ड दिसतात, ते मागवू का?

मिरजेचा_बाप:

ताई, आधी कान तपासून घ्या. सारखी सर्दी असते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आणखीच.

आमच्या मुलीचं असंच होतं. हाक मारली की वळायची, ताट पडलं की दचकायची, त्यामुळं तिला ऐकू येतं याबद्दल घरात कुणाच्याच मनात शंका नव्हती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं तेव्हा दोन्ही पडद्यांमागं पाणी साठलेलं निघालं. अशा मुलाला आवाज येतो, पण दबलेला येतो. मोठे आवाज कळतात, बोलण्यातले बारीक आवाज पुसट होतात. जे नीट ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसं?

तपासणीला घाबरू नका, त्यात दुखत नाही. कानात छोटं टोक धरून पडद्याची हालचाल बघतात, ती टिंपॅनोमेट्री. तशीच दुसरी ओएई, तीत आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघतात. गरज वाटली तर बेरा करतात, म्हणजे मूल झोपलेलं असताना डोक्याला छोटे इलेक्ट्रोड चिकटवून आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. पडद्यामागचं पाणी पुष्कळदा आपोआप ओसरतं, डॉक्टर काही आठवडे थांबून परत बघतात. आमचं तसंच झालं. जन्मल्यावर कान तपासले होते म्हणून आता नको, असं मात्र करू नका. हे पाणी नंतर कधीही साठू शकतं.

मी तेव्हा बरंच वाचलं होतं. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं, २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी सुधारली. तिच्यात दीड वर्षाला आई-बाबा सोडून किमान तीन शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलणं आणि अडीच वर्षांना साधारण ५० शब्द असं आहे. त्या वयाच्या ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना जे जमतं तेच या यादीत घेतलंय, त्यामुळं एखादी गोष्ट जमत नसेल तर विचारायला जावं. तुमच्या मुलाचं दीड वर्षाचं जमलंय असं मला वाटतं. दोन वर्षांचं अजून यायचंय.

अंगणवाडीताई_कोरेगाव:

मी कोरेगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. वयानं तुझ्यापेक्षा मोठी असणार, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मिरजेच्या भाऊंनी सांगितलं ते पहिलं कर. आणि थांबायचं की दाखवायचं, तर दाखव. दाखवायला जाईपर्यंत घरात सुरुवातही कर, दोन्ही बरोबरच चालू दे. उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढं बरोबरीला येतात हे खरं आहे. पण त्यातलं कुठलं येईल आणि कुठलं मागं राहील, हे आज नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही. मुलगे मुलींपेक्षा सरासरीनं थोडे मागं असतात, तो फरक थोडाच असतो, त्याच्या भरवशावर बसू नये. सासूबाई याच्या बापाचं सांगतात ते मात्र डॉक्टरांना आवर्जून सांग. घरात कुणी उशिरा बोललेलं असेल तर ते त्यांना हवं असतं.

तू लिहिलेलं वाचून मला काही गोष्टी चांगल्या वाटल्या. चप्पल ओळखतो, बादली आणतो, म्हणजे समज येतेय. समज आधी येते, बोलणं तिच्या मागून. 'भू', 'मम', 'डुर्र' हे शब्दच धर. एकाच गोष्टीला दरवेळी तोच आवाज काढत असेल तर तो त्याचा शब्द आहे.

दोन गोष्टी तू लिहिल्या नाहीस. आभाळात विमान गेलं तर तो बोट दाखवतो का, आणि बोट दाखवून मग वळून तुझ्याकडं बघतो का, तुलाही दिसलं का म्हणून? आणि मोबाईल समोर नसताना नावानं हाक मारली तर बघतो का? दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेव. हाकेला बघत नसेल, बोटानं दाखवत नसेल, किंवा आधी येणारे शब्द आता गेले असतील, तर एक दिवसही न दवडता जा.

आता घरातलं. संच आणि कार्ड काही मागवू नकोस. मी काय बघितलं ते सांगते.

आमच्याकडं वाघ्या घेवडा होतो. गृहभेटीला एका घरी गेले तेव्हा आजी उंबऱ्याशी बसून सुपातला घेवडा निवडत होत्या आणि नातू समोर फतकल मारून बसलेला. त्याच्या पुढ्यात पत्र्याचा रिकामा डबा. आजी एक दाणा त्याच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, 'टाक'. टण्ण. 'गेला!' पुन्हा दाणा. 'टाक.' टण्ण. 'गेला!' पोरगं खिदळत होतं. बऱ्याच वेळा असं झाल्यावर आजींनी दाणा हातावर ठेवला आणि तोंड मिटून त्याच्याकडं बघत बसल्या. ते डब्याकडं बघतंय, आजीकडं बघतंय, हात तसाच पुढं धरलेला. मला वाटलं आता उठून जाणार. मी बोलायला तोंड उघडलं तर आजींनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मग त्याचे ओठ हलले आणि म्हणालं, 'ताक'. आजी लगेच म्हणाल्या, 'टाक! हां, टाक!' आणि दाणा पडला. पुढं प्रत्येक दाण्याला त्याचं 'ताक' चालूच. काम संपल्यावर आजींनी डबा सुपात रिकामा केला आणि आजूबाजूला हात फिरवून एकही दाणा खाली राहिला नाही हे बघितलं. तेही तेवढंच महत्त्वाचं आहे, कारण या वयात घेवडा, पावटा, चणा नाकात जायला वेळ लागत नाही. मोठं माणूस शेजारी नसेल तर हा खेळ करायचाच नाही.

त्या आजींनी काय केलं बघ. तोच शब्द पुन्हा पुन्हा, ती गोष्ट घडत असतानाच, आणि दोघांची तोंडं एकमेकांसमोर. आणि मग त्या थांबल्या. हे थांबणं मोठ्या माणसांना सगळ्यात जड जातं. आपण 'हे काय आहे? सांग. सांग की. केळं. म्हण केळं' असं एका दमात बोलतो आणि त्याची पाळीच येऊ देत नाही. तू एक शब्द बोल, मग मनातल्या मनात दहापर्यंत मोज आणि त्याच्याकडं बघ. तोवर त्यानं नुसता हात केला, 'अं' केलं, डोळ्यांनी दाखवलं, तरी ते त्याचं उत्तर आहे. त्याला तू उत्तर दे. 'अं काय, नीट बोल' म्हणून रागावू नकोस आणि वस्तू अडवूनही धरू नकोस. त्यानं रडून बोलावं असं आपल्याला नको आहे.

तो जेवढं बोलतो त्याच्या एकच पाऊल पुढं तू बोल. तो 'भू' म्हणाला की तू 'भू आलं'. दुसऱ्या वेळी 'भू पळालं'. म्हैस असेल तर 'म्हैस! म्हैस चरते'. त्याचं चुकलं असं म्हणायचं नाही, फक्त बरोबर शब्द त्याच्या कानावर घालायचा. दूध आणि केळं दोन्ही हातांत धर आणि विचार, 'दूध? केळं?' तो बोट दाखवेल. तू म्हण, 'केळं. केळं हवं.' आणि दे.

तुझ्या हातात संध्याकाळ आहे ना, तेवढी पुरते. त्यासाठी वेगळा तास काढू नकोस. घरी आलीस की त्याचे हातपाय धुताना हात, पाय, बोटं, पाणी, गार, पुस, झालं. वाळलेले कपडे घड्या घालताना ढीग दोघांच्या मध्ये घेऊन बस आणि 'आजोबांचं धोतर, बाबांचा शर्ट, तुझी चड्डी' करत जा. तुझ्या मुलाला चप्पल कुणाची ते कळतं म्हणजे हा खेळ त्याला लगेच जमेल. मेथी निवडताना काड्या त्याला मोडू दे. रात्री झोपताना हातवारे असलेली आपली बडबडगीतं म्हण आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी रिकामा सोड. रोज तेच गाणं म्हटलंस तरी चालेल. आपल्याला कंटाळा येतो, या वयाच्या मुलाला तेच तेच हवं असतं.

२०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. त्यात ३६ महिन्यांचं कॅलेंडर आहे आणि वयाप्रमाणं १४० कृती आहेत. तुमच्या अंगणवाडीत जा आणि त्याच्या वयाच्या कृती दाखवा म्हणून सेविकेला सांग. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना आम्ही फक्त घरपोच आहार देतो असं पुष्कळांना वाटतं, म्हणून कुणी विचारायलाच येत नाही. मला तर कुणी विचारलं की बरं वाटतं.

आता मोबाईल. इथं मी गोड बोलणार नाही. जेवताना मोबाईल बंद कर. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, आयएपीनं, २०२१ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की दोन वर्षांच्या आत कुठलाच स्क्रीन नको, लांबच्या नातलगांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस बरोबर बसून. एबीसीडी गुणगुणतो ते त्या गाण्याची चाल उचलतोय. मोबाईल त्याच्या 'अं'ला उत्तर देत नाही. दिवसातून तीन-चार वेळा मूल आपल्यासमोर बसतं ते जेवतानाच, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला दुसरीकडं बघायला लावतो.

बंद केल्यावर पहिले काही दिवस रडेल, कमी खाईल. खाऊ दे कमी. सगळ्यांबरोबर पंगतीला बसव, त्याला त्याची वेगळी ताटली दे, दूध-भाकरी कुस्करून किंवा आमटी-भात, आणि स्वतःच्या हातानं खाऊ दे. सांडेल, खाली जुनं कापड टाक. दोन घास खाऊन उठला तर ताटली उचल, पुढच्या वेळेला भूक लागून येईल. मध्ये बिस्किटं देऊ नका, म्हणजे ही गोष्ट जमेल. फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, आणि घरातल्या सगळ्यांचे लावा.

द्राक्षकाढणी चालू आहे म्हणालीस म्हणून आणखी एक, बोलण्याशी संबंध नसला तरी. अख्खं द्राक्ष त्याच्या हातात देऊ नका. लांबीत चार फोडी करून द्या. गोल, गुळगुळीत आणि बरोबर घशात अडकेल एवढंच असतं ते. शेंगदाणे, फुटाणेही पाच वर्षांपर्यंत अख्खे नकोत, दाणे कुटून द्या. घरात गडीमाणसं येतात, प्रेमानं कुणीतरी घड हातात देतं, त्यांना सांगून ठेव.

वेखंड लावू नकोस. त्यानं शब्द येत नाहीत. जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते डॉक्टर एका मिनिटात बघतील, पण त्यानं झालाच तर उच्चारांना त्रास होतो, मूल शब्दच शिकत नाही असं होत नाही. जिभेचं तपासून कानाचं राहून गेलं, असं होऊ देऊ नकोस.

तासगावची_आई:

ताई, तुम्ही एवढं लिहिलंत, दोन वेळा वाचलं. भाऊ, तुमचेही आभार. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

हाकेला बघतो, मोबाईल नसला की लगेच बघतो. बोट दाखवतो, पण वळून माझ्याकडं बघतो का हे मला सांगता येत नव्हतं म्हणून काल लक्ष ठेवलं. पोपट उडाले तेव्हा बघितलं माझ्याकडं. ट्रॅक्टर गेला तेव्हा नाही बघितलं.

आणखी दोन शंका आहेत. माझं माहेर जत तालुक्यातलं. आई त्याच्याशी कन्नडच बोलते. आता काढणी संपेपर्यंत ती इकडं येऊन राहते म्हणतेय. तिच्याजवळ असला की पाण्याला 'नी' म्हणतो. घरात म्हणतात दोन भाषांमुळंच गोंधळ झालाय, तिला मराठीच बोलायला सांग. सांगू का?

दुसरं म्हणजे मोबाईलचं सासूबाईंना कसं सांगू? त्या दिवसभर राबतात. मी बाहेर जाणार आणि वर सूचना देणार, ते मलाच बरं वाटत नाही.

अंगणवाडीताई_कोरेगाव:

आईला कन्नडच बोलू दे. दोन भाषांमुळं मूल उशिरा बोलत नाही. कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं दोन्ही भाषा बोलत मोठी होतात. मोजताना दोन्हीतले शब्द एकत्र मोजायचे, म्हणजे 'नी'सुद्धा यादीत घाल आणि डॉक्टरांना सांग. आजी तिच्या भाषेत मोकळेपणानं, भरभरून बोलेल, गोष्टी सांगेल, लाडानं रागवेल. तिला मराठी बोलायला लावलंस तर ती कामापुरतंच बोलेल आणि त्याच्या कानावर कमी पडेल. आणि ती येते म्हणतेय तर येऊ दे गं. आत्ता याला सगळ्यात जास्त गरज आहे ती समोर बसून बोलणाऱ्या माणसाची.

सासूबाईंचं तुझं म्हणणं कळतं मला. त्यांना बंदी म्हणून सांगू नकोस, काम वाटून घे. सकाळचं जेवण तू निघायच्या आधी तुझ्या हातानं किंवा तुझ्यासमोर होऊ दे. रात्रीचं सगळ्यांबरोबर. राहिलं दुपारचं, त्याला तुझी आई आहे. म्हणजे मोबाईलशिवाय जेवतो हे त्या स्वतःच बघतील. आणि त्यांना घेवड्याचा खेळ सांग. बेदाण्याच्या काड्या काढताना किंवा भाजी निवडताना शेजारी बसवायचं, एवढंच. माझा अनुभव आहे, आज्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं जमतं, फक्त हे महत्त्वाचं आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कानाच्या डॉक्टरांकडं जाताना जमलं तर त्यांनाही ने. डॉक्टरांनी सांगितलेलं घरातल्या दोघांच्या कानावर पडलेलं बरं.

कराडहून_मधुरिमा:

मध्येच विचारते. माझी मुलगी दीड वर्षाची आहे. आमच्याकडं आज्या नाहीत, कुणीच नाही. आम्ही दोघंच, मिस्टर शिफ्टला. कुकर लावायचा, पोळ्या करायच्या, तेवढ्या वेळात टीव्ही लावला नाही तर ती गॅसपाशी येते. मग काय करायचं? सल्ले वाचून अपराधी वाटतं नुसतं.

अंगणवाडीताई_कोरेगाव:

मधुरिमा, अपराधी वाटून घेऊ नकोस. एकटीनं मूल वाढवणं फार जड आहे, आणि पोळ्या करताना बाळ भाजण्यापेक्षा टीव्ही लागलेला परवडला. पण दुसरं करून बघता येईल असं सांगते. ओट्यापासून लांब, तुला दिसेल अशा जागी, खालचा एक कप्पा तिच्या नावावर कर. वाट्या, डबे, झाकणं, लाकडी चमचा, न फुटणारं काहीही. काच, सुरी, औषधं, फिनेल तिथून उचलून वर. गॅसच्या आणि तिच्या मध्ये आडवं काहीतरी लाव. कणकेचा गोळा दे. तिचं तिकडं काय चाललंय ते तू पोळी लाटता लाटता मोठ्यानं सांगत राहा, 'झाकण लागलं? नाही लागलं! पडलं!' सारखं तिच्यासमोर बसायची गरज नाही, आवाज पुरतो. काही वस्तू चार दिवस लपवून ठेवल्या की परत नव्या होतात.

आणि टीव्ही लावलास तर तो कार्यक्रम संपला की बंद कर. कुणी बघत नसताना तो मागं चालू राहिला की घरातली माणसंच कमी बोलतात, हे लक्षात येत नाही आपल्या.

तासगावच्या आईसाठी राहिलेलं सांगते. कानाची तपासणी झाली की बालरोगतज्ज्ञांना दाखव. त्यांना गरज वाटली तर ते वाचाउपचार तज्ज्ञांकडं पाठवतील. खाजगीत जायचं नसेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, पथकाची चौकशी कर. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण तू त्यांच्या फेरीची वाट बघत बसू नकोस. विकासात उशीर वाटला तर ते डीईआयसीला, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतात. तिथं तपासणी आणि उपचार मोफत असतात. आशाताईंना लोहाच्या औषधाचंही विचार. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली देतात. रक्त कमी असलेलं मूल मरगळतं, खेळायचा आणि बोलायचा उत्साह राहत नाही, म्हणून म्हणते.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ने. त्यात वयाप्रमाणं चित्रांसह टप्पे दिलेत, घरीच भरून जा. बाळंतपणाचे दवाखान्याचे कागद ने. त्याचे सगळे शब्द वहीत लिही, मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि प्रत्येक शब्द कशासाठी वापरतो तेही. मोबाईलवर त्याचा घरातला खेळतानाचा व्हिडिओ काढून ठेव, कारण दवाखान्यात नव्या माणसांसमोर मुलं तोंड उघडत नाहीत. त्याच्या झोपेच्या वेळेला नंबर घेऊ नकोस, पण बेरा करणार असतील तर आधी विचार, त्याला मूल झोपलेलंच लागतं. आणि वही डॉक्टरांच्या हातात दे, नाहीतर बोलण्याच्या गडबडीत निम्मं सांगायचं राहून जातं.